किती वेळाचा आकडा?

कुठेही ‘९८०’ हा आकडा दिसला की ऋजुता घोसाळकरच्या कानांच्या पाळ्या अजून गरम होतात. मग तो पुस्तकाच्या पानावर असो, नाहीतर कुणाच्या गाडीवर. ती पटकन दुसरीकडे बघते, घसा खाकरते आणि उगाचच वेणी पुढे ओढून घेते. तीन साध्यासुध्या अंकांनी तेरा वर्षांच्या धडधाकट मुलीचं असं काय बिघडवलं? ते सांगायचं तर सोमवारच्या तालमीपासून सुरुवात करायला हवी.

साल होतं २०६१. कातळवाडी हे कोकणातलं बासष्ट घरांचं गाव. वर सपाट कातळाचा लांबच लांब सडा, खाली खाडी. खाडीपलीकडच्या डोंगरावर एक मनोरा होता आणि तिथून गावच्या शाळेच्या गच्चीपर्यंत डोळ्यांना न दिसणारा प्रकाशझोत यायचा. गावाचं बाहेरच्या जगाशी सगळं बोलणं त्या एका झोतातून व्हायचं. दवाखाना त्यातून, शाळा त्यातून आणि दुबईतल्या मामाचा वाढदिवसही त्यातूनच! सेकंदाला जास्तीत जास्त एक हजार मेगाबिट माहिती त्यातून जाऊ शकायची (मेगाबिट हे माहिती मोजायचं माप, दुधाला जसा लिटर).

सोमवारी संध्याकाळी सहाला पाच गावांच्या मुलांच्या नाटकाची तालीम सुरू झाली. ज्यानं त्यानं आपापल्या घरात उभं राहायचं आणि बाकीच्यांच्या प्रकाशाच्या आकृत्या आपल्याभोवती हिंडायच्या. ऋजुता होती समुद्राची राणी. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात स्वतःचं नाव सांगतानाही जिचा आवाज पायात जायचा, ती राणी! महिनाभर ती घरात पाणी मागतानासुद्धा हात उंचावून मागत होती.

आणि नेमकं साडेसहाला सगळं थिजलं. प्रधानाचं तोंड उघडं ते उघडंच. सेनापतीचा एक पाय हवेत. ऋजुता एकटीच “उसळा, लाटांनो, उसळा!” म्हणून ओरडत राहिली आणि एक लाट हलेल तर शपथ. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. साडेसहा वाजले की थिजलं.

“गेल्या आठवड्यापर्यंत तर सगळं सुरळीत होतं,” आई म्हणाली.

“म्हणजे कुणीतरी झोत गिळतंय,” ऋजुता म्हणाली. “आणि मी त्याला शोधणार. पाळी माझीच आहे!”

कातळवाडीत ‘जाळेपाळी’ नावाची पद्धत होती. दर आठवड्याला एका घरातल्या मुलानं किंवा मुलीनं गावाच्या जाळ्यावर लक्ष ठेवायचं. मोजणीची पेटी तो आठवडा त्याच घरात राहायची. ती पेटी प्रत्येक घराचा थ्रूपुट लिहून घ्यायची (थ्रूपुट म्हणजे एका सेकंदात त्या घरातून प्रत्यक्ष किती माहिती गेली-आली, तो वेग). शुक्रवारी पाच वाजता शाळेच्या अंगणात सभा. तिथे पाळीकरानं प्रत्येक घराचा शिखर-आकडा वाचायचा (शिखर-आकडा म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा वेग). ज्याचं शिखर सगळ्यात उंच आणि झोताला जड, त्या घराच्या जोडणीला शनिवारी लाल चिमटा लागायचा. चिमटा बसला की त्या घराला आठ दिवस फक्त वीस मेगाबिटांची अरुंद वाट. चिमटा काढायचा अधिकारही सभेलाच. एक सवलत मात्र होती. ज्या घरात पेटी, त्या घराचा आकडा त्या आठवड्यात धरायचा नाही. साऱ्या गावाच्या मोजणीचा भार त्या घरावर असतो, मग त्याचा दोष त्याच्या माथी कशाला, असं गावानं दोन वर्षांपूर्वी एकमतानं ठरवलं होतं.

ही सवलत लक्षात असू द्या हं. ऋजुताच्या लक्षात ती अजिबात नव्हती.

तिच्या मनात चोर आधीच ठरला होता. सड्याच्या कडेला नाचणे आजोबा राहायचे. आयुष्यभर रेडिओ दुर्बिणींवर काम केलेला माणूस (रेडिओ दुर्बीण म्हणजे आकाशातून येणारे, डोळ्यांना न दिसणारे संदेश ऐकणारी ताटली). एक ताटली त्यांच्या अंगणात कधीपासूनची होतीच. गेल्या रविवारी त्यांनी दुसरी बसवली, पहिलीच्या दुप्पट मोठी. आणि सोमवारपासून तालीम थिजायला लागली! आता यात शोधायचं ते काय उरलं?

फक्त पेटी ऐकत नव्हती. नाचणे आजोबांच्या घरासमोर ती मुकाट चाळीसचा आकडा दाखवायची. चाळीस! एवढा तर काही घरांत पडद्यावर भाजी बघून मागवतानाही होतो.

“लपवतायत,” ऋजुता पुटपुटली. गुरुवारी दुपारी तिनं पेटीची रचना उघडली. ‘दर पाच मिनिटांनी’ असं जिथे लिहिलं होतं तिथे तिनं ‘दर सेकंदाला’ असं केलं. आणि ते फक्त नाचणे आजोबांच्या घरापुरतं. बाकीच्या घरांशी तिचं भांडण नव्हतं ना!

दहा मिनिटांत आकडा उसळला. नऊशे ऐंशी.

ऋजुता खुर्चीवरून उडालीच. हजारातले नऊशे ऐंशी! एकटा माणूस अख्खा झोत गिळतोय!

शुक्रवारच्या सभेत ती अशी बोलली की तिची तिलाच ओळख पटेना. आवाज खणखणीत, हात राणीसारखा. “गेले चार दिवस आपल्या सगळ्यांची संध्याकाळ कुणी पळवली? बघा! मुकादमांचं घर, ऐंशी. शाळा, एकशे वीस. दवाखाना, नव्वद. आणि नाचणे आजोबा...” इथे तिनं मुद्दाम थांबून सगळ्यांकडे पाहिलं. “नऊशे ऐंशी!”

अंगणात एकच गलका झाला. “मी म्हटलंच होतं, ती परात उगाच नाही बसवली!” मागून कुणीतरी म्हणालं.

नाचणे आजोबा हळूच उठले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद. त्यांनी एवढंच विचारलं, “किती वेळाचा आकडा गो, बाय?”

ऋजुताला तो प्रश्न कळला नाही. आणि कळला नाही हे कबूल करायची तिची तयारी नव्हती. “शिखर म्हणजे शिखर, आजोबा!” ती म्हणाली. “डोंगर चढून आलेल्याला कुणी विचारतं का, किती वेळ उंच होता म्हणून?”

हशा पिकला. टाळ्या पडल्या. आजोबांनी खिशातल्या कागदाला हात लावला, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, मग सगळ्या हसणाऱ्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले. सरपंच फरीदाकाकू मुकादम यांनी नियमाप्रमाणे लाल चिमटा ऋजुताच्या हातात दिला. त्या रात्री तिनं आरशासमोर ते डोंगराचं वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा झकास वाटलं.

शनिवारी सकाळी चिमटा घेऊन ती सड्यावर गेली. फाटकाशी ढब्बू उभा होता. ढब्बू म्हणजे आजोबांचा यंत्रमानव. बुटका, पोटाला दोन ठिकाणी पत्रा ठोकलेला आणि तोंडानं फटकळ.

“या, पाळीकर या,” तो म्हणाला. “चिमटा आणलात? वा. जोडणी भिंतीच्या डाव्या अंगाला आहे. सावकाश जा, तिथंच आपटून माझं पोट चेपलंय.”

“ढब्बू, पाहुण्यांशी नीट,” आतून आजोबा म्हणाले. ते कोकम सरबताचे दोन पेले घेऊन आले. “ये गो. आधी पी, मग चिमटा लाव.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. सरबताशी कसं भांडणार? ऋजुतानं चिमटा बसवला, हिरवा दिवा लाल झाला आणि तिला उगाचच दिव्याकडे बघवेना. मेजावर तो कागद पडला होता, घडी उघडून. वाचायचा नाही असं ठरवेपर्यंत वाचून झाला होता.

‘सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती. रविवारी दुपारी चार दहा ते चार चोवीस एवढी चौदा मिनिटं कृपा करून झोत मोकळा ठेवाल का? आयुष्यातलं एक काम पुरं व्हायचं आहे. आपला, पां. ना. नाचणे.’

“हे तुम्ही काल वाचणार होता?”

“हां. राहून गेलं.”

“राहून गेलं नाही,” ढब्बू म्हणाला. “सभा हसत होती. अशा वेळी विनंती वाचत नाहीत, एवढं मलाही कळतं.”

आजोबांनी तिला बसवलं आणि सांगितलं. तेहतीस वर्षांपूर्वी ते तरुण असताना त्यांच्या चमूनं एक छोटंसं यान सोडलं होतं. नाव टिटवी. सूर्याभोवती फिरत ते दर अकरा वर्षांनी पृथ्वीजवळून जातं आणि जाताना हाक मारतं. हाक इतकी क्षीण की एका ताटलीला ऐकू येत नाही. देशात चार ठिकाणच्या ताटल्यांनी एकाच वेळी ऐकून, ऐकलेलं तिथल्या तिथे एकमेकींना पाठवलं, चारही जुळवलं, तरच ती उमटते. मग त्याच चौदा मिनिटांत तिला ओ द्यायची. ओ मिळाली नाही तर टिटवी समजते की खाली कुणी उरलं नाही आणि कायमची झोपी जाते. तिला तसंच शिकवलेलं आहे.

“नंतर पाठवलं तर?” ऋजुतानं विचारलं.

“हाक मारणारी निघून गेल्यावर ओ देऊन काय उपयोग, बाय?”

ऋजुतानं मान डोलावली. पण मनातली वकीलबाई अजून खाली बसली नव्हती. “पण आजोबा, नऊशे ऐंशी तर खरंच आलं होतं. मी खोटं नाही बोलले.”

“नाही बोललीस. चल, जरा बाहेर ये.”

आजोबांच्या आवाराला गडगा होता (चिऱ्यांची, चुन्याशिवाय रचलेली बुटकी भिंत) आणि त्यात जायला-यायला एक अरुंद फट. पलीकडे शेजारच्या बकऱ्या चरत होत्या. आजोबांनी ढब्बूला खूण केली. ढब्बूनं फणसाची पानं हलवली मात्र, पंधराच्या पंधरा बकऱ्या धडपडत, एकमेकींच्या अंगावर चढत फटीतून आत घुसल्या. मग सगळं शांत. नुसता पानं चघळल्याचा आवाज.

“ढब्बू, किती?”

“पंधरा बकऱ्या, पाच सेकंद. सेकंदाला तीन,” ढब्बू म्हणाला.

“आता थांबूया.” ते थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. फटीतून कुणी आलं नाही, फक्त एक फुलपाखरू. पाच मिनिटं झाल्यावर आजोबांनी विचारलं, “ऋजुता, या पाच मिनिटांत सगळ्या मिळून किती बकऱ्या आल्या?”

“पंधराच.”

“म्हणजे मिनिटाला किती?”

“तीन.”

“सेकंदाला तीन की मिनिटाला तीन? कुठलं खरं?”

 “दोन्ही,” ती हळूच म्हणाली.

“दोन्ही! त्याला म्हणतात मापनखिडकी (जेवढ्या वेळाची सरासरी काढून एक आकडा लिहितात, तेवढा वेळ). खिडकी पाच सेकंदांची ठेवलीस तर वाटेल बकऱ्यांचा पूर आलाय. पाच मिनिटांची ठेवलीस तर वाटेल अधूनमधून एखादी येते. बकऱ्या त्याच, फट तीच. म्हणून आकडा सांगताना खिडकी सांगावी लागते. नुसता आकडा अर्धाच.”

“तुमची ताटलीही अशीच पाठवते? गठ्ठ्यानं?”

“हां. उद्याची तालीम चाललीये आमची. पाच मिनिटं ऐकायचं, साठवायचं, मग बारा सेकंदांत सगळं एकदम पाठवायचं आणि गप्प बसायचं. कर की हिशेब.”

ऋजुतानं तो काटकीनं मातीत केला. बारा सेकंद नऊशे ऐंशीच्या वेगानं, म्हणजे अकरा हजार सातशे साठ. ते पाच मिनिटांच्या तीनशे सेकंदांत वाटले तर एकोणचाळीस आणि वर थोडं. जवळजवळ चाळीस. पेटी सोमवारपासून जे मुकाट सांगत होती तेच चाळीस.

तिला एकदम आठवलं, खिडकी आपण फक्त यांच्याच घरापुरती बदलली होती. मुकादमांचे ऐंशी पाच मिनिटांचे, शाळेचे एकशे वीस पाच मिनिटांचे. आणि त्यांच्या शेजारी उभे केले एका सेकंदाचे नऊशे ऐंशी! सगळ्या मुलांची उंची जमिनीवर मोजायची आणि एकाला मात्र झाडावर चढवून.

कानाच्या पाळ्या पहिल्यांदा गरम झाल्या त्या इथे.

“आणखी एक विचारू?” आजोबा म्हणाले. आवाज इतका सौम्य की टोचावा. “माझं ते शिखर किती वाजताचं होतं?”

ऋजुतानं मनगटावरच्या पडद्यावर पेटीची नोंद उघडली. गुरुवार, दुपारी दोन दहा.

“तालीम थिजते साडेसहाला,” ढब्बू म्हणाला. “दुपारच्या बकऱ्यांनी संध्याकाळची वाट अडवली. कमाल आहे हं.”

“ढब्बू!” आजोबा म्हणाले. मग ऋजुताकडे वळले. “दुपारी झोत रिकामा होता, म्हणून माझा गठ्ठा नऊशे ऐंशीनं पळाला. एवढ्या मोठ्या शिखराचा अर्थ कधीकधी एवढाच असतो, की रस्ता मोकळा होता. तो पळणाऱ्याचा हावरटपणाच असेल असं नाही. उलट, गर्दीच्या वेळी कुणालाच उंच उडी मारता येत नाही. मग साडेसहाला काय दिसतं?”

साडेसहाला झोताची रेघ वर जाऊन चपटी झाली होती. नऊशे नव्वद. साडेसहा ते साडेसात, तासभर नऊशे नव्वद. तिच्यात टोक नव्हतंच. थेट सड्यासारखी, सपाट.

“हे बघ,” आजोबांनी हात सड्याच्या दिशेनं फिरवला. “त्या माडाचा शेंडा सड्याहून उंच आहे. पण भार कशात जास्त आहे? सपाट माणसाच्या डोळ्यांत भरत नाही, बाय. शिखर भरतं. झोत तुंबवणारं मात्र बहुतेक वेळा सपाटच असतं, तासन्‌तास चालणारं. आता कोण ते शोध. सगळ्या घरांची बेरीज कर.”

ऋजुतानं केली. साडेसहाची बेरीज, आजोबांचे चाळीस धरून, आली तीनशे ऐंशी. झोतात मात्र नऊशे नव्वद.

“सहाशे दहा कुठे गेले?” ती म्हणाली. “पेटी चुकतेय का?”

“किती घरं मोजलीस?”

“सगळी. एक, दोन...” तिनं यादी खालपर्यंत नेली. “एकसष्ट.”

 बकऱ्या पानं चघळत होत्या.

“गावात घरं बासष्ट,” ढब्बू म्हणाला. या वेळी आवाजात टोमणा नव्हता आणि तेच जास्त वाईट होतं. “एक राहिलं. पाळीचं.”

सोमवारी तालमीच्या आधी ऋजुतानं खोलीच्या भिंतींवर आठ यंत्रडोळे लावले होते. राणी मागून कशी दिसते, बाजूनं कशी दिसते, हात उंचावल्यावर वेणी कशी उडते ते नंतर बघण्यासाठी. यंत्रानं विचारलं होतं, कुठल्या कोनांतून? ‘सगळ्या.’ कुठल्या दर्जाचं? ‘सर्वोत्तम.’ कधी साठवू? ‘लगेच, बाहेरच्या भांडारात.’ रोज साडेसहाला राणीचा प्रवेश आला की ते सुरू व्हायचं आणि साडेसातपर्यंत ऋजुताचं आठपदरी रूप झोतातून वाहत राहायचं. सेनापतीचा पाय हवेत लटकवला होता तो तिनंच. आजोबांच्या पंधरापटीहून जास्त माहिती, तीही स्वतःलाच बघण्यासाठी!

ती फाटकाबाहेर कधी पडली, तिला आठवत नाही. मेजावरचा तो कागद मात्र मुठीत होता.

घरी आल्यावर तिनं आधी आठही डोळे उतरवले. मग मनात एक छान, गुळगुळीत विचार आला. आता तालीम थिजणार नाही. कुणाला काही कळणार नाही. सगळे म्हणतील, बघा, चिमटा लावला आणि काम झालं. आणि चिमटा? तो आपणच बसवलाय. उद्या चारला गुपचूप काढायचा, साडेचारला परत लावायचा. झालं! तिनं मनगटावरच्या पडद्यावरून आजोबांना तसं विचारलंही.

“नको,” आजोबा म्हणाले. “सभेनं लावलेला चिमटा सभा काढील. चोरून दिलेली ओ टिटवीला कळणार नाही, पण मला कळेल.”

ताटात आवडीचं सांदण होतं. ते तिच्यानं खाववेना. शेवटी ती भडाभडा सगळं आईला सांगून मोकळी झाली. आई ऐकत राहिली. ओरडली नाही, जवळही घेतलं नाही.

“मग आता?” तिनं विचारलं.

“सभा बोलवायला हवी. आई, सगळे हसतील गं.”

“हसतील. आजोबांनाही हसलेच होते ना?” आईनं सांदण पुढे सरकवलं. “खाऊन घे. लाज रिकाम्या पोटी जास्त चावते.”

रविवारी सकाळी दहाला शाळेचं अंगण पुन्हा भरलं. आजोबा आले नव्हते, ढब्बू मात्र मागे उभा होता. फरीदाकाकूंनी विचारलं, “काय गं, तातडीची सभा कशाला?”

ऋजुता उभी राहिली. हात उंचावला नाही, उंचावलाच नसता. “मोजणीत एक चूक झाली आहे,” ती म्हणाली आणि तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. झाली आहे! जशी काही चूक आपल्या पायांनी चालत आली. तिनं घसा खाकरला. “नाही. चूक मी केली. नाचणे आजोबांचा आकडा मी एका सेकंदाच्या खिडकीतून पाहिला आणि तुमच्या सगळ्यांचा पाच मिनिटांच्या. तसं केलं की कुणीही चोर दिसतो.”

मग तिनं बकऱ्या सांगितल्या. सेकंदाला तीन आणि मिनिटाला तीन. दुपारचे दोन दहा सांगितले, सड्यासारखी सपाट रेघ सांगितली. लहान मुलांनाही कळलं, कारण बकऱ्या सगळ्यांच्याच ओळखीच्या होत्या.

“मग झोत गिळत कोण होतं?” मागून प्रश्न आला.

 “मी,” ती म्हणाली. “सहाशे दहा मेगाबिट, रोज तासभर. मी माझीच चित्रं साठवत होते. आठ बाजूंनी.”

 मग “आठ बाजूंनी?” असं कुणीतरी म्हणालं आणि अंगण फुटलं. “राणीसाहेबांना नवव्या बाजूनं कोण बघणार?” “अगो, आरसा नव्हता का घरात?” ऋजुतानं मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटत होती. हशा ओसरला तेव्हा तिनं मुठीतला चुरगळलेला कागद उघडला आणि वाचला. “सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती...”  मग ती टिटवीबद्दल बोलली आणि आता मात्र कुणी हसत नव्हतं.

“शुक्रवारी ते हेच वाचणार होते,” ती शेवटी म्हणाली. “त्यांनी मला विचारलं होतं, किती वेळाचा आकडा. मला प्रश्न कळला नव्हता. मी विनोद केला.”

 “हसलो आम्हीपण,” फरीदाकाकू म्हणाल्या. “तो प्रश्न आम्हाला तरी कुठे कळला होता? चिमटा काढायचा. नियमानं पाळीच्या घराला सवलत आहे, पण...”

“माझ्या घराला लावायचा,” ऋजुता म्हणाली. “मीच लावते.”

सभेनं आणखी दोन गोष्टी ठरवल्या. आकड्याबरोबर त्याची खिडकी आणि वेळही वाचायची. आणि पाळीकरानं सगळ्यात आधी वाचायचा तो स्वतःच्या घराचा आकडा.

दुपारी चारला सड्यावर अर्धं गाव जमलं. उरलेल्या अर्ध्यानं घरी बसून सगळं बंद ठेवलं होतं. दुबईच्या मामालाही उद्या बोलू म्हणून कळवलं होतं. ऋजुता गडग्यापाशी, सगळ्यांच्या मागे उभी होती.

“तिथे काय करतेस?” आजोबांनी हाक मारली. “पेटी कोण बघणार? पाळी तुझीच आहे ना आज?”

“आजोबा, मी...” तिला सकाळपासून पाठ केलेलं माफीचं वाक्य आठवेना. “मी चुकले.”

“ऐकलं. ढब्बूनं सभा अक्षरन्‌अक्षर ऐकवली मला. ये, बस.”

“नवव्या बाजूसकट ऐकवली,” ढब्बू म्हणाला.

चार दहा. आकड्यांची रेघ जमिनीवरून उठली, सरळ वर गेली आणि तिथेच थांबली. एक मिनिट, तीन, सात. ताटल्या हळूहळू वळत होत्या. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. ऋजुताला वाटलं, आपण श्वास घेतला तरी झोत हलेल. मग खरखरीच्या तळाशी काहीतरी टिवटिवलं. बारीक, थकलेलं. पुन्हा एकदा. पुन्हा.

“आली,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली. “ओ.”

चार बावीसला टिवटिव बदलली. दोन छोटे, एक लांब. “समजलं, जागी आहे,” ढब्बूनं अर्थ सांगितला आणि नेहमीचा फटकळ आवाज त्याला काही केल्या सापडेना. सड्यावर माणसं ओरडली, बकऱ्या पळाल्या आणि फरीदाकाकूंनी डोळे पुसता पुसता कुणाला तरी धक्का दिला.

चार चोवीसला रेघ खाली आली. आजोबांनी चष्मा काढला. “किती गेला, पाळीकर?”

“नऊशे ऐंशी,” ऋजुता म्हणाली. कान गरम झालेच.

“किती वेळाचा आकडा?”

“चार दहा ते चार चोवीस. खिडकी एका सेकंदाची.” तिनं नोंदीवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. “पाच मिनिटांची लावून पाहिली, आजोबा. तरी नऊशे ऐंशीच. आजचं शिखर सपाट आहे. सगळ्या गावानं धरून ठेवलेलं.”

“लिहून ठेव,” आजोबा म्हणाले. “अकरा वर्षांनी ती परत येईल. तेव्हा मी असेन-नसेन. तू चोवीस वर्षांची असशील.”

ऋजुतानं नोंद लिहिली. आकडा, वेळ, खिडकी. खाली पाळीकराचं नाव. मग ती घरी गेली, कारण सहाला तालीम होती आणि वीस मेगाबिटांच्या वाटेवरून राणीला आठ दिवस नुसत्या आवाजानंच यायचं होतं. “उसळा, लाटांनो, उसळा!” तो आवाज म्हणाला. आणि साडेसहा वाजून गेले तरी पाचही गावांतल्या लाटा उसळत राहिल्या.